ऑस्ट्रियाची १९४६ची तिकिटं खरं बोलतात का?

शिक्कामोर्तब
सप्टेंबर १९४६मध्ये व्हिएन्नात 'कधीही विसरू नका' हे फॅसिझमविरोधी प्रदर्शन भरलं आणि त्याच नावाने आठ टपाल तिकिटांचा संच निघाला. संच देखणा आहे, तरी मला तो खटकतो. पाच ग्रोशनच्या (शंभर ग्रोशन म्हणजे एक शिलिंग) तिकिटावर ऑस्ट्रियाचा नकाशा आणि त्यावर खंजीर. जणू बाहेरून कुणी आलं आणि भोसकून गेलं! मार्च १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा हिटलरला ऐकायला व्हिएन्नातल्या हेल्डेनप्लाट्झ चौकात लोटलेली गर्दी कुठे आहे? ज्यूंना रस्ते घासायला लावून भोवती हसत उभे राहिलेले शेजारी कुठे आहेत? सुमारे ६५ हजार ऑस्ट्रियन ज्यू मारले गेले. त्यांची म्हणून एकही खूण या आठांत नाही.

निळी शाई
असहमत. तेव्हाचे हाल बघा. देशात दोस्त राष्ट्रांच्या चार फौजा, लोक उपाशी. मे १९४५मध्ये तर हिटलरचं डोकं असलेल्या जुन्या तिकिटांवरच 'ऑस्टराइश' (जर्मनमध्ये ऑस्ट्रिया) छापून टपाल चालवावं लागलं. त्यानंतर दीड वर्षाच्या आत त्याच पोस्टाने स्वस्तिक झाडूने लोटणारं तिकीट काढलं, तेही नाझी पक्षाचे पाच लाखांहून जास्त माजी सभासद देशात असताना. बारा ग्रोशनवर काटेरी तारा आणि हात आहे. माउटहाउझेनची छळछावणी ऑस्ट्रियाच्याच भूमीवर होती, हे त्या लोकांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

दातेरी कडा
एक भर घालतो. या संचातली दोन चित्रं छापूनही विक्रीला आली नाहीत: नकाशावर कोसळणारी, एसएस या नाझी दलाचं चिन्ह असलेली वीज, आणि हिटलरच्या मुखवट्यामागची कवटी. संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. पण त्यांतही दोष वरून कोसळलेल्या विजेचा आणि एका माणसाचा. तेव्हा माझं मत शिक्कामोर्तब यांच्या बाजूने.

शिक्कामोर्तब
आठ ग्रोशनचंही बघा. त्यावर जळणारं सेंट स्टीफन कॅथेड्रल आहे. एप्रिल १९४५मध्ये ते पेटलं ते लुटारूंनी आसपासच्या दुकानांना लावलेल्या आगीमुळे. आणि निळी शाई, १९४३च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरचा पहिला बळी म्हटलं, पण त्याच्या बाजूने युद्धात उतरल्याची जबाबदारीही तिथेच टाकली. पोस्टाने सोयीचा अर्धा भाग उचलला. ऑस्ट्रियाचे चान्सेलर फ्रानित्स्की यांनी नाझी गुन्ह्यांतला ऑस्ट्रियनांचा वाटा संसदेत उघड मान्य केला तो १९९१मध्ये! इतकी वर्षं गेली, त्यात या चित्रांचा हात नाही?

निळी शाई
तो दोष राज्यकर्त्यांचा आणि शाळेतल्या पुस्तकांचा. कॅथेड्रलला आग कुणीही लावो, लढाई व्हिएन्नाच्या गल्ल्यांत आणली कुणी? शिवाय नाझींविरुद्ध लढून फाशी गेलेले ऑस्ट्रियनही होतेच, दोन शिलिंगवरचं जळतं स्वस्तिक त्यांचंही आहे. संच अपुरा म्हणा, मी मान डोलावेन. खोटा म्हणू देणार नाही.