नराराच्या पाण्याच्या ईडीएनएमध्ये कोंबडी आली, ऑक्टोपस नाही, असं का?

बडोदा_झुऑलॉजी:
नमस्कार सगळ्यांना, मी बडोद्यात एमएस्सी करतेय आणि प्रोजेक्टला समुद्री ईडीएनए (जिवांचा आजूबाजूच्या पाण्यात सुटलेला डीएनए) घेतलंय. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, खवले, विष्ठा हे सगळं पाण्यात सुटतं, ते पाणी गाळून त्यातला डीएनए वाचायचा, इथपर्यंत मला कळलंय. परवानगी काढून कच्छच्या आखातातल्या नराराला गेलो, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून ३ बाटल्या भरल्या, बर्फात ठेवल्या आणि रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी इथे लॅबमध्ये गाळल्या. मिफिश प्रायमर (माशांचा डीएनए हेरून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले. रिझल्टमध्ये बोय आहे, ट्यूना आहे (फक्त जीनसपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत; नेमकी जात नाही), आणि चक्क कोंबडी, म्हैस, माणूस! पण दगडाखाली जो ऑक्टोपस मी स्वतः पाहिला, ज्याने माझ्यासमोर रंग बदलला, तो नाही आणि फुगलेला पफर फिश पण नाही. हा डेटा थिसिसमध्ये कसा लिहू? मला खरं तेच लिहायचंय.

पाणगाळणी:
ताई, ऑक्टोपसचं सोपं आहे, मिफिश माशांसाठी बनवलंय, ऑक्टोपस मासा नाही. त्याला सीओआय या दुसऱ्या जनुकाचे किंवा आणखी वेगळे प्रायमर लागतील. मिफिश प्रायमर २०१५ मध्ये जपानी टीमने काढले, ओकिनावाच्या मत्स्यालयाच्या टाक्यांमध्ये तपासले तेव्हा २३० च्या वर जाती सापडल्या होत्या. पण वाचला जाणारा तुकडा जेमतेम १७० अक्षरांचा, त्यात ट्यूनाच्या जातीजातीतला फरक मावत नाही, म्हणून जीनसवरच थांबणं बरोबर आहे.

कोंबडी-म्हशीचा डीएनए पण हे प्रायमर उचलतात. तो सांडपाण्यातून आला की आपल्या हातातून, हे ब्लँकशिवाय कळणार नाही. डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली सोबत न्यायची, तिथेच उघडायची, तशीच गाळायची आणि शेवटपर्यंत बाकी सॅम्पलसारखीच चालवायची. तुम्ही नेली होती का? आणि पाणी रात्रभर ठेवू नका हो, बर्फात असलं तरी बॅक्टेरिया डीएनए खातच राहतात. हातपंपाने जागेवर गाळा आणि फिल्टर लगेच अल्कोहोलमध्ये टाका. अजून एक, रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) जास्त म्हणजे मासे जास्त असं लिहू नका, परीक्षक तिथेच पकडतील.

दांडियाबाजार_काका:
बेटा, तू ऑक्टोपस बघितलास ना, मग तो डेटाच आहे, वहीत वेळ आणि जागा लिहून ठेव. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क १९८२ चं, देशातलं पहिलं, तेव्हापासून मी मुलांना तिथे न्यायचो. दगड उचलला की होता तसाच परत ठेवायचा, खालचे जीव उन्हात मरतात, हे पहिल्याच दिवशी शिकवायचो. पाणी कोण येऊन गेलं ते सांगेल, पण किती होते, पिल्लं होती का मोठे, जिवंत होते का मेलेले, ते नाही सांगणार. आणि भरतीबरोबर लांबचं पाणी पण येतं, त्यामुळे तुझा ट्यूना नरारालाच होता असं मानू नकोस.

पफर फिशचा सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) डेटाबेसमध्ये आहे का ते आधी बघ, नसेल तर जुळवायला काही नाही. आपल्याकडच्या कित्येक माशांचे नाहीत. बंदरावरच्या कोळ्यांकडून माशाच्या पराचा छोटा तुकडा माग, मासा ओळखून, फोटो काढून, नाव लिहून ठेव, म्हणजे त्याचा सिक्वेन्स डेटाबेसमध्ये घालता येईल. घोळ गुजरातचा राज्यमासा झाला २०२३ मध्ये, तो सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या बारक्या माशांना बाजारात भाव नाही त्यांचं कोण करणार? हे काम तुझ्यासारख्या मुलींनी केलं तर पुढच्या दहा जणांची यादी सुधारेल.

खंभात_खाडी:
आम्ही खंभातच्या आखातात करतो, तिथे एवढा गाळ की फिल्टर लिटरभर पाणी पण घेत नाही. जाड भोकाचा फिल्टर आधी लावा आणि एका लिटरसाठी दोन-तीन फिल्टर वापरा. गाळातल्या काही गोष्टी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची क्रिया) पण अडवतात, डीएनए पातळ करून एकदा परत चालवून बघा.

बडोदा_झुऑलॉजी:
ब्लँक नव्हता नेला. 😔 म्हणजे कोंबडी-म्हशीबद्दल मी काहीच म्हणू शकत नाही, तसंच लिहीन. काका, पफर फिश आत्ताच शोधला, त्या जातीचा १२एस (मिफिश ज्या जनुकाचा तुकडा वाचतं ते) खरंच डेटाबेसमध्ये नाही. सरांशी बोलले, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला परत जातोय, हातपंप मिळालाय, ब्लँकची बाटली आजच बॅगेत टाकली.