साबणाला खवट वास आणि नारिंगी ठिपके. मदत हवी आहे

मंडळी, घरी साबण करणारं कुणी आहे का इथे? मी चिपळूणची. दोन वर्षं कोल्ड प्रोसेसचे (तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून, न शिजवता केलेले) साबण करतेय, कधी बिघडले नव्हते. मे अखेरीस उटण्याच्या 14 वड्या केल्या. महिनाभर छान होत्या. परवा कपाट उघडलं तर बरणीच्या तळाशी राहिलेल्या शेंगदाण्यांसारखा खवट वास! वड्यांवर बाजरीच्या दाण्याएवढे नारिंगी ठिपके, बोट लावलं की चिकट. आधी वाटलं हळद असेल. मग एक वडी उलटी केली, तर खालचे ठिपके चक्क रांगेत. ज्या लोखंडी जाळीवर वाळत ठेवल्या होत्या, तिच्या तारा जिथे टेकल्या तिथेच.

कृती: खोबरेल 400 ग्रॅम, करडई 500, एरंडेल 100, कॉस्टिक सोडा 142 (सुपरफॅट, म्हणजे साबण न होता मोकळं राहणारं जास्तीचं तेल, 8 टक्के), पाणी बोअरचं. शेवटी व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल फोडून घातल्या. करडईचं तेल आईने लातूरहून पाठवलेलं, घाण्याचं. डबा दिवाळीपासून उघडा होता, पण तेलाला वास नव्हता.

गणपतीत बचतगटाचा स्टॉल आहे. सासूबाई म्हणतात किसून, वितळवून परत पाडू. चालेल का? आणि हे झालंच कशाने?

तेलमीठ
ताई, हळद नाही ती. हळद कॉस्टिकमध्ये पहिल्याच दिवशी लालसर होते, महिन्याने ठिपके येत नाहीत. साबण खवटलाय.

कारण मुख्यतः करडई. खायला उत्तम, साबणात नाठाळ. तिच्यात साधारण तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनशी फार पटकन जुळतं. तुमच्या कृतीत एकूण लिनोलिक 38 टक्क्यांच्या आसपास जातंय. मी 15 च्या वर जाऊ देत नाही. त्यात सुपरफॅट 8, म्हणजे तेवढं तेल साबण न होता मोकळं राहिलं. डबाही सात महिने उघडा. वास येण्याआधीच तेल आतून बिघडायला लागलेलं असतं.

जाळीचं तर तुम्हीच पकडलंत. लोखंड आणि तांबं ही प्रक्रिया भराभर पुढे नेतात. बोअरच्या पाण्यातही लोह असू शकतं, डिस्टिल्ड वॉटर घ्या.

एरंडाचं गुऱ्हाळ
किसून परत पाडू नका! बिघडलेलं तेल त्यातच राहतं, पुढचा घाणाही नासतो. सासूबाईंना माझं नाव सांगा. ठिपके खरवडून घरात फडकी, पायपुसणी धुवायला वापरा. अंगाला नको, आणि स्टॉलवर तर मुळीच नको.

व्हिटॅमिन ई ने फार फरक पडत नाही. रोजमेरीचं ओलिओरेझिन (दाट अर्क) मिळतं, किलोभर तेलाला 1 ग्रॅम, तेल आणल्या आणल्या त्यातच मिसळून ठेवायचं. सुगंधासाठीचं रोजमेरी तेल वेगळं, ते नव्हे.

चिपळूणकरीण (धागाकर्ती)
अरे देवा, ‘पौष्टिक तेल’ म्हणून मुद्दाम निम्मी करडई घातली होती. मग ती पूर्ण बंद? आणि ते ढोकळ्यातलं लिंबूसत्त्व घालतात म्हणे?

तेलमीठ
करडई फोडणीला ठेवा. तिच्या जागी 400 ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) आणि 100 कोकम बटर घ्या, ते तर तुमच्याकडचंच. लिनोलिक एकदम एक आकडी होईल. सुपरफॅट 5.

लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, हो, घालतात. ते कॉस्टिकशी मिळून सोडियम सायट्रेट होतं आणि धातूंना बांधून ठेवतं. किलो तेलाला 10 ग्रॅम. पण तेवढं सायट्रिक सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक खातं, ते वरून वाढवावं लागतं. नाहीतर सुपरफॅट आपोआप चढतो. आधी सायट्रिक पाण्यात पूर्ण विरघळवा, मगच कॉस्टिक. आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. चष्मा, हातमोजे आहेतच ना?

एरंडाचं गुऱ्हाळ
पावसाळ्यात कोकणात वाळवणं हाच मोठा ताप. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, वड्यांना घाम सुटतो. बांबूच्या सुपात किंवा लाकडी फळीवर बटर पेपर घालून सुट्या सुट्या ठेवा, पंखा चालू, ऊन नको. निदान चार आठवडे तरी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका.

चिपळूणकरीण (धागाकर्ती)
आत्ताच गेल्या पावसाळ्यातली खोबरेल-पोमेसची एक वडी सापडली, लाकडी खणात होती. एकही ठिपका नाही. जाळी भंगारात. तेलं बदलली की कॉस्टिकचा आकडाही बदलणार, तेव्हा साबणाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर बसवून उद्या इथेच टाकते. ओतण्याआधी कुणीतरी तपासून द्या, प्लीज.