बुकशेल्फ स्पीकरांसोबत रिसीव्हर आणि सबवूफर: मर्यादित बजेटमध्ये काय घ्यावं?

मंद्रसप्तक (प्रश्न)

स्पीकर घेऊन झालेत: ५ इंची वूफरची बुकशेल्फ जोडी, ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, खाली ५८ हर्ट्झपर्यंत जातात. खोली ४.३ बाय ३.४ मीटर, बसायची जागा स्पीकरांपासून अडीच मीटरवर. ऐकणं मुख्यतः संगीत, फोनवरून आणि टर्नटेबलवरून. उरलेला वेळ टीव्ही. सराउंड नको आहे.

दोन रिसीव्हर (स्पीकर चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर) डोळ्यांसमोर आहेत. एक निव्वळ स्टीरिओ: १०० वॉट, फोनो इनपुट (टर्नटेबल थेट जोडायची सोय), मागे सब आउट (सबवूफरकडे, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे, जाणारी जोडणी). दुसरा ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) साधा एव्ही, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ, रिसीव्हर: ७० वॉट, फोनो नाही. सबवूफरमध्ये ८ इंची पोर्टेड (पेटीला हवेसाठी भोक असलेला) की १० इंची सीलबंद, इथे अडलंय. दोन्हींसाठी मिळून रक्कम ठरलेली आहे, एकीकडे वाढवली की दुसरीकडे कापावी लागेल. झुकतं माप कशाला द्यावं?

ओहमकार

वॉटचा आकडा आधी बाजूला ठेवा. तुमचा स्पीकर साधारण १ वॉटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल देतो. अडीच मीटरवर त्यातले ८ गेले, दोन स्पीकर असल्यामुळे ३ परत आले. म्हणजे बसल्या जागी १ वॉटवर ८१ च्या आसपास, आणि घरात हा आवाज मोठाच म्हणायचा. ३२ वॉटवर ९६. मग ७० आणि १०० वॉटमध्ये फरक किती? दीड डेसिबल, जेमतेम जाणवेल इतका. शिवाय दोन्ही आकडे एकाच मापानं मोजलेत का तेही बघा. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.०८ टक्के’ अशा अटींवरचे ७० वॉट हे ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल, डिस्टॉर्शन १० टक्के’वाल्या १०० पेक्षा जास्त भरतात.

निर्णय सब आउटवर करा. बऱ्याच स्टीरिओ रिसीव्हरांत सब आउट म्हणजे डावा-उजवा एकत्र करून बाहेर काढलेला सिग्नल, बस. स्पीकरांकडे जाणाऱ्या सिग्नलमधला बास तसाच राहतो. एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजासाठी वूफरच्या कोनला चौपट हलावं लागतं. ५ इंची कोन ४० हर्ट्झवर नुसता हेलकावत राहतो, त्यातून बास फारसा निघत नाही, आणि त्याच कोनमधून येणारा गाणाऱ्याचा आवाज गढूळ होतो. स्पीकरला मागे पोर्ट असेल तर पोर्ट ज्या फ्रीक्वेन्सीला लावलाय तिच्याखाली कोनला काही धरबंध उरत नाही. एवढा सब लावूनही स्पीकरांवरचं ओझं हलकं झालेलं नसतं.

एव्ही रिसीव्हर ८० हर्ट्झखालचं स्पीकरांकडून काढून घेतो आणि सबकडे पाठवतो. काही स्टीरिओ रिसीव्हरांतही ही सोय असते, म्हणून मॅन्युअल डाउनलोड करून त्यात स्पीकरांसाठी ‘क्रॉसओव्हर’ (ज्याच्या खालचं सबकडे जातं ती सीमा) किंवा ‘हाय पास’ (खालचा बास अडवणारा फिल्टर) अशी सेटिंग आहे का ते शोधा. नुसतं ‘सब आउट’ लिहिलेलं पुरेसं नाही. सेटिंग नसेल तर मी डोळे झाकून एव्ही घेईन आणि टर्नटेबलसाठी छोटा फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारी डबी) वेगळा लावेन. टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प असेल आणि मागे ‘लाइन’चा खटका असेल तर तीही गरज नाही.

एव्ही घेतलात तर ऑटो कॅलिब्रेशन (माइकनं मोजून रिसीव्हर स्वतःच करतो ती जुळवणी) झाल्यावर मेनूत जाऊन तीन गोष्टी तपासा. बुकशेल्फ स्पीकरसुद्धा कधीकधी ‘लार्ज’ (म्हणजे सगळा बास त्यांच्याकडेच) ठरवले जातात. ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० किंवा ९० ठेवा. १०० च्या वर गेलात तर बास कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते कानाला कळायला लागतं. सबचं अंतर टेपनं मोजल्यापेक्षा जास्त दिसेल. ते दुरुस्त करू नका, सबमधल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. आणि सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा किंवा ‘एलएफई’वर (यात सबचा स्वतःचा फिल्टर बाजूला राहतो) टाका, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक चढतात आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो. ‘प्युअर डायरेक्ट’ (सिग्नलवर कुठलीही प्रक्रिया न करणाऱ्या) मोडमध्ये ही सगळी व्यवस्था बहुतेक रिसीव्हरांत बंद पडते. सब अचानक गप्प झाला तर पहिला संशय त्याच्यावर.

घुमारा

ओहमकार यांच्याशी सहमत. आता सबविषयी.

तुमच्या खोलीचा हिशोब आधी करू. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर ४.३ मीटर लांबीची पहिली अनुनाद फ्रीक्वेन्सी (जिच्यावर खोली स्वतःच घुमते) ४० हर्ट्झ येते, ३.४ मीटर रुंदीची ५० च्या जरा वर. लहान पोर्टेड सबचा पोर्ट पुष्कळदा ३५-४० हर्ट्झच्या आसपासच लावलेला असतो. त्याचा जोर आणि खोलीचा जोर एकाच ठिकाणी पडले की प्रत्येक गाण्यात तोच एक स्वर घुमणार. पोर्टच्या फ्रीक्वेन्सीखाली पोर्टेड सबचा आवाज सप्तकाला २४ डेसिबल या उतारानं पडतो. सीलबंद १२ नं उतरतो, आणि खालच्या टोकाला खोली थोडा हात देते. १० इंची कोनचं क्षेत्रफळही ८ इंचीच्या दीडपट असतं. संगीतासाठी, या खोलीत, १० इंची सीलबंद. पैसे रिसीव्हरवर कापून इथे लावा.

जागेला सबच्या किमतीइतकंच वजन द्या. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ४० हर्ट्झ जवळजवळ गायब, मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच अंगावर येणार. सब तात्पुरता तुमच्या खुर्चीवर ठेवा, वर-खाली स्वर फिरणाऱ्या बासगिटारचं एखादं गाणं लावा आणि जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐका. सगळे स्वर जिथे सारख्याच जोरानं ऐकू येतील ती सबची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येईल, त्याला भुलू नका.

मग फेज, म्हणजे स्पीकर आणि सबच्या लहरी एकमेकींशी जुळतात का ते. ८० हर्ट्झचा टोन स्पीकर आणि सब दोन्हींतून वाजवा, खुर्चीवर बसा आणि दुसऱ्या कुणालातरी खटका ० वरून १८० वर करायला सांगा. जिथे आवाज मोठा, तिथे ठेवा.

एक गोष्ट करू नका: खड्डा (खोलीत दबला जाणारा स्वर) इक्वलायझरनं भरणं. ६ डेसिबल वाढवायला चौपट पॉवर लागते, आणि खड्डा खोलीत तयार होत असल्यामुळे तो तसाच राहतो. उंचवटा मात्र इक्वलायझरनं खुशाल कापा.

जुनं_सोनं

सराउंड नको असेल तर एचडीएमआय बिघडलेला जुना ५.१ रिसीव्हर तुमच्यासाठी उत्तम सौदा आहे. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलनं आणा आणि टीव्हीत ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ (साधा डिजिटल आवाज) करा. फोनसाठी ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर ऑक्सला. बरेच जुने ५.१ फोनोसहही येतात.

घेण्याआधी मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून, स्पीकर न जोडता, दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर माप घ्या. ५० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर सोडून द्या. सुरू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) ‘टक्’ आवाज यायला हवा. आवाज अगदी कमी ठेवल्यावर एक चॅनेल मधूनच जात असेल आणि आवाज वाढवल्यावर परत येत असेल, तर रिलेचे पॉइंट काळे पडलेत. दुरुस्ती होते, पण किमतीतून वजा करून घ्या.

मंद्रसप्तक

मॅन्युअल पाहिलं. स्टीरिओवाल्यात हाय पास नाही, त्यामुळे एव्ही आणि १० इंची सीलबंद ठरलं. सबची जागा रिसीव्हरपासून ६ मीटर केबलवर येतेय. एवढ्या लांबीला गुणगुण येईल का? आणि सबच्या मागे डावा-उजवा असे दोन इनपुट आहेत, दोन्ही जोडायचे का?

ओहमकार

६ मीटर काहीच नाही, चांगल्या शील्डची एक आरसीए केबल पुरेल. ती ‘एलएफई’ लिहिलेल्या इनपुटला लावा, तसं काही लिहिलेलं नसेल तर डाव्याला.

गुणगुण आली तर ती बहुधा अर्थ लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची) असेल. आधी केबल सबमधून काढून बघा. तरी आवाज राहिला तर दोष सबमध्येच आहे. थांबला तर रिसीव्हर आणि सब एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर टीव्हीची अँटेना किंवा केबलची वायर काढून बघा, पुष्कळदा लूप तिथूनच येतो. त्यानंतरचा उपाय म्हणजे सबच्या केबलमध्ये लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मात्र तो सबवूफरसाठीचाच घ्या, कारण स्वस्तातले ४० खालचा बास खातात. प्लगची अर्थ पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

सबचा गेन (सबच्या मागचं आवाजाचं बटण) मध्यावर ठेवून कॅलिब्रेशन चालवा. सबची पातळी रिसीव्हरच्या मेनूत उणे १२ ला जाऊन टेकली तर गेन कमी करून पुन्हा चालवा, ० ते उणे ६ मध्ये आली की ठीक. ती फार उणे राहिली तर सबला मिळणारा सिग्नल इतका क्षीण होतो की रात्री हळू आवाजात ऐकताना सब ‘ऑटो’मध्ये जागाच होत नाही.