स्मोकी बेअरला एवढा मान का देतात?

रानवाटा: अमेरिकेत न्यू मेक्सिकोत कॅपिटन गावाला जाऊन आलो, तिथे स्मोकी बेअरला पुरलंय ती जागा आहे, म्हणजे खऱ्या अस्वलाला. मुलगी बराच वेळ तिथे उभी राहिली आणि मग विचारते, याने आग विझवली होती का? मला नीट सांगताच आलं नाही, वणवे लागू देऊ नका सांगणारं त्याचं टोपीवालं पोस्टर तेवढं माहीत. जाहिरातीतल्या प्राण्याला इतका मान का, कोणी सांगेल का प्लीज?

जुनीपायवाट: आधी पोस्टर आलं, अस्वल नंतर, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. 1944 मध्ये महायुद्ध चालू, वणवे विझवणारी तरणी माणसं सैन्यात गेलेली, मग आग लागूच नये हे लोकांनाच सांगायचं म्हणून वनखात्याने हे अस्वल काढलं, पहिल्या चित्रात ते शेकोटीवर बादलीने पाणी ओततंय. 1950 ला कॅपिटनच्या डोंगरात वणवा लागला, त्यात जळक्या झाडाला बिलगलेलं एक पिल्लू सापडलं, पंजे भाजलेले, त्याला हेच नाव दिलं आणि वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. पोरांची पत्रं इतकी यायची की 1964 मध्ये त्याला स्वतःचा पिनकोड मिळाला, 20252! वणवे रोखायला झटणाऱ्यांना आजही त्याच्याच नावाचे पुरस्कार देतात, सगळ्यात मोठा सोनेरी स्मोकी.

तंबूवाली: माझ्या मते मान मिळाला तो त्याने शिकवलेल्या कामासाठी. पाणी ओता, ढवळा, परत ओता आणि मग हात जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर जागा सोडायची नाही, सहा वर्षांच्या पोरालाही जमतं. मी एकदा वरची राख गार बघून निघालेच होते, सहज काठी घातली तर आत निखारे लालबुंद, अजून आठवलं की धस्स होतं. अमेरिकेत दहातले जवळपास नऊ वणवे माणसामुळे लागतात हो.

देवदार७: आदर मलाही आहे, पण आग म्हणजे वाईटच हे लोकांच्या डोक्यात बसलं त्यात या प्रचाराचाही हात आहे. पाँडेरोसा पाइनच्या जंगलात अधूनमधून छोटी आग लागायचीच, ती दरवेळी विझवत गेले आणि खाली काडीकचरा साठला, मग पेटलं की भडकाच.

जुनीपायवाट: @देवदार७ मुद्दा बरोबर, पण प्रत्येक आग विझवायचं धोरण स्मोकीच्या आधीपासूनचं, तो बोलतो ते आपल्या निष्काळजीपणाबद्दल. 2001 मध्ये त्याच्या ‘वणवे फक्त तुम्हीच रोखू शकता’ या घोषवाक्यातला शब्दही बदलला, forest fires (जंगलातली आग) च्या जागी wildfires (वणवे) आला, गवताळ भागही त्यात यावा आणि मुद्दाम लावलेली नियंत्रित आग वेगळी कळावी म्हणून.

रानवाटा: सगळ्यांचे मनापासून आभार. तिला सांगितलं की त्याने आग विझवली नाही, तो आगीत सापडला होता. तर आता एकच प्रश्न, पंजे बरे झाले का?

जुनीपायवाट: झाले, सांगा तिला. विमानाने सांता फेला नेऊन उपचार केले, पट्ट्या बांधल्या, आणि पुढे 1976 पर्यंत जगला तो.