मदत हवी: बहिणीची नडगी दुखायलीय, भरती तोंडावर आहे. पळणं थांबवायचं का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीबद्दल विचारायचंय. वय 21. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या आमच्या गावात राहून पोलीस भरतीची तयारी करायलीय. मी पुण्याकडे कंपनीत असतो. दिवाळीला गावी आलो तेव्हा तिच्या चालण्यावरूनच लक्षात आलं. सकाळी खाटेवरून उतरली की पहिली आठ-दहा पावलं जपून टाकते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही दादा, नडगी भरलीय." दोन दिवसांनी आईनं सांगितलं, दीड महिना झाला, पोरगी रोज रात्री पायाला तेल चोळून झोपायलीय.

दुखणं डाव्या पायाला, नडगीच्या आतल्या कडेला. घोट्याच्या वर चार बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत. सुरुवातीला पळायला निघालं की दुखायचं, अंग तापलं की कमी व्हायचं आणि घरी आल्यावर पुन्हा ठणका लागायचा. गेल्या आठवड्यापासून पळतानाही कमी होत नाही. सूज डोळ्यांना दिसत नाही, लाली नाही, ताप नाही.

ज्यांना भरतीचं माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलींना 800 मीटर धाव 20 गुणांना, 100 मीटर 15 ला आणि 4 किलोचा गोळा 15 ला. म्हणजे 50 पैकी 35 गुण पायावर. पाय गेला तर लेखीच्या अभ्यासाला काही अर्थ राहत नाही.

ऑगस्टपर्यंत ती आठवड्यातून तीन दिवस दोन-अडीच किलोमीटर पळायची, काही त्रास नव्हता. सप्टेंबरात तालुक्याच्या एका अकॅडमीत नाव घातलं. तिथं पहिल्याच आठवड्यापासून सहा दिवस, रोज सहा किलोमीटर, वर शंभर मीटरच्या रपाट्या आणि बेडूकउड्या. पळायचं सिमेंटच्या रस्त्यावर. आमच्याकडची जमीन काळी, पावसात चिखल बुटाला किलोकिलोनं चिकटतो आणि वाळली की भेगा पडतात, त्यामुळे सगळी पोरं पहाटे रस्त्यावरच पळतात. बूट दीड वर्षाचे आहेत, टाच एका बाजूनं पार झिजलीय.

आता घरात तीन मतं आहेत. अकॅडमीचे सर म्हणतात, दुखणं मोडून पळावं लागतं, साबळे दुखलं म्हणून थांबला का? (आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पळणाऱ्या पोराचा देव आहे. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) रौप्य जिंकलं, त्याचा फोटो बहिणीच्या मोबाइलवर आहे.) सरांनी पळायच्या आधी घ्यायला वेदनाशामक गोळीही सुचवलीय आणि ती गेले दहा दिवस उपाशीपोटी ती घेतेय, हे मला काल कळलं. आजी म्हणते बिब्बा घाल. आणि वडील म्हणतात, बंद कर.

वडिलांचं म्हणणं मला समजतं. वीस वर्षं कारखान्यावर ऊस तोडला, फळीवरून मोळ्या ट्रकात चढवल्या. आज त्यांना मांडी घालून बसता येत नाही. "माझे गुडघे गेले, पोरीचे जाऊ देऊ नको," एवढंच बोलले. पण तिची फी त्यांच्याच उचलीतून (ऊसतोडीच्या आगाऊ पैशांतून) भरलीय, आणि तिनं कोयता हातात धरू नये हेही त्यांनाच सगळ्यात जास्त वाटतं.

माझं स्वतःचं एक सांगतो, म्हणजे मी एवढा का घाबरलोय ते कळेल. मीही भरतीची तयारी करत होतो. उन्हाळ्यात रानात पळताना भेगेत पाय गेला, घोटा मुरगळला, बघता बघता वांग्याएवढा सुजला. गावातल्या एका माणसानं ओढून, दाबून, चोळून दिला, मग बिब्बा घातला. कातडी भाजून फोड आले ते वेगळंच. पाचव्या दिवशी पळायला गेलो आणि तोच पाय परत वळला. मैदानी चाचणी हुकली. आजही खडबडीत वाटेवर तो पाय मधूनच दगा देतो. एक्स-रे काढायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तर विचारायचंय ते असं: ही नुसती नडगी भरलीय की हाडाला काही झालंय, हे घरी कसं ओळखायचं? आणि पूर्ण बंद न करता तयारी चालू ठेवता येते का? ती थांबायला तयार नाही. मला तिला थांबवायचंही नाही, फक्त तिचा पाय वाचवायचाय.

प्रतिसाद 1

माझ्या पुतण्याचं असंच झालं होतं, त्यानं बूट बदलले आणि राहिलं. पण त्याचं दुखणं आठ दिवसांचं होतं. दीड महिना म्हणजे दाखवूनच घ्या. आणि आजीला सांगा, बिब्बा नको म्हणजे नकोच.

प्रतिसाद 2

मी लातूरला फिजिओथेरपी करते. भरतीच्या मोसमात माझ्याकडे येणाऱ्या दहा पोरांतल्या निदान चार-पाच जणांची हीच तक्रार असते, म्हणून सविस्तर लिहिते.

अचानक पळणं वाढवलं की दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, स्नायूही तयार होतात. हाड मात्र मागे राहतं. भार वाढला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा बांधतं. या मधल्या काळात ते कच्चं असतं. पोराला वाटतं दम आलाय, अजून पळू. तिथंच घात होतो. तुमच्या बहिणीचं पळणं एका आठवड्यात सहा-सात किलोमीटरवरून छत्तीसवर गेलं. सिमेंट आणि झिजलेल्या बुटांनी भर घातली, पण मूळ कारण हा आकडा आहे.

घरी बघायची खूण अशी. एका बोटानं नडगीची आतली कड वरून खाली हळूहळू दाबत जा. चार-पाच बोटं रुंद पट्टा सगळा सारखाच दुखत असेल तर बहुधा नडगी भरलेली आहे. एकाच जागी बोट टेकताच ती पाय ओढून घेत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, चालताना लंगडत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर एका जागी असेल तर जास्तच काळजी घ्या, तिथला तडा लवकर जुळत नाही. एका पायावर उड्या मारून बघण्याची चाचणी असते, ती घरी करू नका. पळताना पोटरी दगडासारखी होऊन पाऊल बधिर पडत असेल तर तो वेगळाच आजार आहे, तेही डॉक्टरांना सांगा. तुमच्या वर्णनातली "पळतानाही कमी होत नाही" ही ओळ मला आवडलेली नाही. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे, या आठवड्यातच न्या. आणि एक्स-रे साफ आला म्हणून लगेच पळायला सोडू नका. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

गोळी आजपासून बंद. दुखणं हा पायाचा चौकीदार आहे, त्याला झोपवून पळायचं नसतं. शिवाय उपाशीपोटी घेतलेली गोळी पोटात व्रण करू शकते. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावला तर ठणका कमी होतो, पण हाड त्यानं जुळत नाही.

तडा नसेल तर साधारण दोन आठवडे पळणं बंद, बाकी सगळं चालू. सायकल, पोहणं, पोट-कंबरेचे व्यायाम, आडवं पडून कुल्ले वर उचलणं. पोटरीसाठी पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच वर-खाली, पंधराचे तीन फेरे, आधी गुडघा ताठ ठेवून आणि मग थोडा वाकवून. दुखलं तर कमी करा. नंतर मऊ जमिनीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे, दिवसाआड. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालतं. सकाळीही राहिलं तर एक पायरी मागे या. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवायचे नाहीत. तडा असेल तर मात्र हे काहीच माझ्या सांगण्यावरून सुरू करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

तुमच्या घोट्याचंही सांगते. मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा होता. आता रोज दात घासताना त्या पायावर तीस सेकंद उभे राहा, जमलं की डोळे मिटून. इतक्या वर्षांनीही फरक पडतो.

प्रतिसाद 3

मी पोलीस शिपाई आहे, दुसऱ्या प्रयत्नात लागले. पहिल्या वेळी माझ्याही नडगीला तडा गेला होता. भाऊ म्हणून तुम्हाला विचारणं अवघड जाईल, पण घरातल्या बाईकडून नक्की विचारून घ्या: तिची पाळी नियमित येते का? माझी चार महिने बंद होती आणि पळण्यानं असंच होतं म्हणून आम्ही मैत्रिणी उलट खूश होतो. डॉक्टरांनी सांगितलं, शरीराला खाणं पुरत नाही तेव्हा ते आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. वजन कमी ठेवायच्या नादात मी संध्याकाळची भाकरी सोडली होती, वर आठवड्याला दोन उपवास. ताईला सांगा, पळायच्या आधी गूळ-शेंगदाणे, आल्यावर दूध, अंडं चालत असेल तर अंडं, तिळाची चटणी रोज. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर कॅल्शियम पुरत नाही.

आणि सरांना माझा निरोप द्या. साबळेसुद्धा थांबला. 2025 च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तो तर देशाचा सगळ्यात चिवट माणूस.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवला. बोट फिरवून बघितलं. पट्टा दुखतच होता, पण मधे एका जागी ती किंचाळली. दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईला नेलं. एक्स-रे साफ. डॉक्टरांनी तरीही एमआरआय सांगितला आणि त्यात हाडाच्या आत सूज दिसली, तडा पूर्ण गेलेला नाही. सहा आठवडे पळणं बंद, चालणं दुखणार नाही एवढंच. ड जीवनसत्त्वही कमी निघालं, त्याची पुडी आठवड्याला एक.

शिपाई ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं. बायकोनं विचारलं. तीन महिने पाळी नाही. ती संध्याकाळी "भूक नाही" म्हणून उठायची आणि आम्हाला वाटायचं दमलीय. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. आई आता ताटासमोरून हलत नाही.

वडिलांना एमआरआयचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मोडलं नाही ना?" त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, विहिरीत पोहलेलं चालेल का? चालेल म्हणाले, फक्त उडी मारायची नाही, पायऱ्यांनी उतरायचं. यंदा विहीर काठोकाठ आहे. रोज सकाळी वडील काठावर बसतात आणि ती कमरेला ट्यूब बांधून पाण्यातच पळल्यासारखे पाय मारते, वीस मिनिटं. आज सोळावा दिवस. रात्रीचा ठणका बंद झालाय.

अजून एक विचारायचंय. गोळ्याचा सराव तिला सोडायचा नाहीये. खुर्चीवर बसून, पाय जमिनीला न रेटता नुसत्या हातानं आणि कमरेच्या वळणानं 4 किलोचा गोळा टाकला तर नडगीवर भार येतो का? डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं, पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. कुणी बसून सराव केला असेल तर कसा केला ते सांगा.