‘ले’ अनुयायी : उपासक, श्रावक की प्रापंचिक?

कोशकीडा : बौद्ध धर्मावरच्या एका अनुवादात ‘ले’ (इंग्रजी lay, म्हणजे भिक्खू किंवा धर्मगुरू नसलेल्या) अनुयायांना कुठे ‘सामान्य भाविक’ म्हटलंय, कुठे ‘श्रावक’. ‘बौद्धाचार्य’चं तर ‘बौद्ध भिक्खू’ केलंय. चालेल का हे?

पिंपळपान : एकही चालणार नाही. भाविक कुणीही असतो. बौद्ध मजकुरातला शब्द ‘उपासक’. उपासक व्हायचं तर त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) तीनदा म्हणावं लागतं (दुसऱ्या खेपेला ‘दुतियम्पि’, तिसऱ्या खेपेला ‘ततियम्पि’ लावून) आणि पंचशील घ्यावं लागतं. उप + आस्, जवळ बसणारा. स्त्री असेल तर उपासिका. उपोसथाला (पौर्णिमेसारख्या व्रताच्या दिवशी) हेच लोक अष्टशील घेतात. तेव्हा तीन शिलं वाढतातच, शिवाय तिसरं बदलतं : ‘कामेसु मिच्छाचारा’ऐवजी ‘अब्रह्मचरिया’. पहिल्यात व्यभिचार वर्ज्य, दुसऱ्यात शरीरसंबंधच वर्ज्य. अनुवादक दोन्हीकडे ‘व्यभिचार’ लिहून मोकळे होतात आणि फरक पुसला जातो.

रत्नत्रय : ‘श्रावक’ आमच्या जैनांकडे गृहस्थालाच म्हणतात. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका मिळून चतुर्विध संघ. श्रावकाची व्रतं 12 : 5 अणुव्रतं, 3 गुणव्रतं, 4 शिक्षाव्रतं. पालीतला ‘सावक’ मात्र नुसता शिष्य. सारिपुत्त आणि मोग्गल्लान भिक्खू असूनही अग्गसावक, म्हणजे प्रमुख शिष्य! म्हणून बौद्ध मजकुरात गृहस्थाला श्रावक म्हटलं की घोटाळा होतो.

पिंपळपान : अगदी. आणि बौद्धाचार्य गृहस्थच असतो. श्रामणेर (नवशिक्या भिक्खूच्या) शिबिरात तो चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र घालतो, दहा शिलं पाळतो, पण शिबिर संपलं की चीवर उतरवून घरी येतो. मग पांढऱ्या कपड्यांत लग्न, नामकरण, अंत्यविधी लावतो. त्याला ‘भंते’ म्हणायचं नाही, तो मान भिक्खूचा. गृहस्थाने विधी लावण्याची मुळं 14 ऑक्टोबर 1956च्या नागपुरात दिसतात. चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि पुढच्या अफाट समुदायाला त्रिसरण, पंचशील व 22 प्रतिज्ञा त्यांनी स्वतः दिल्या. उपासकाने!

जाता जाता, लग्नपत्रिकेवरचं गृहस्थाचं ‘आयु.’ (आयुष्मान) पाहा. पाली सुत्तांत त्याचंच रूप ‘आयस्मा’ भिक्खूंच्या नावाआधी येतं, ‘आयस्मा आनंदो’. मराठीत हा मान घराघरांत आला.

वसईकर : आमच्या कॅथलिक चर्चच्या मराठीत ‘ले’साठी ‘प्रापंचिक’ रूढ आहे. कामाच्या दृष्टीनेही हा माणूस नुसता बघ्या नाही. मरणाच्या दारातल्या बाळाला, फादर मिळत नसतील तर, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने म्हणायचं. शब्द बदलले तर बाप्तिस्मा ग्राह्य नाही.

कोशकीडा : मग धर्म मोघम असेल तिथे सरसकट ‘गृहस्थ अनुयायी’ लिहू?

वसईकर : जपून. सिस्टरांनी (नन) व्रतं घेतलेली असतात, संसार नसतो, पण त्यांना याजकपदाची (फादरसारखी) दीक्षा नसते. चर्चच्या कायद्यात याजक आणि ‘ले’ असे दोनच भाग पाडले, की त्या ‘ले’मध्येच येतात. ‘गृहस्थ’ लिहिलंत तर त्या बाहेर, ‘प्रापंचिक’ लिहिलंत तरी बाहेर. तिथे ‘याजकेतर’ लिहा.

पिंपळपान : आणि बौद्ध मजकुरात ‘उपासक-उपासिका’, जोडीनेच.