संभ्रमाची सुरुवात नेमकी कोठे होते?

जिज्ञासू : क्रमिक पुस्तकांत संभ्रमाची व्याख्या ‘पुराव्यानेही न ढळणारी चुकीची समजूत’ अशी दिलेली असते आणि लगेच त्याचे प्रकार सुरू होतात. पण कालपर्यंत आपल्यासारखाच विचार करणाऱ्या माणसाच्या मनात ती समजूत प्रथम शिरते कशी, याविषयी जेमतेम दोन ओळी असतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणत होता की अशा माणसाचा तर्क शाबूत असतो, चुकीचे असते ते गृहीतक. आपण काचेचे आहोत असे एकदा धरून चालले, तर फुटू नये म्हणून जपून वावरणे ओघानेच आले. मग ते गृहीतक येते कोठून?

उंबरठा : आपल्या प्रश्नाला हात घातला तो जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्सने, १९१३ च्या ग्रंथात. त्याच्या मते समजूत नंतर येते. आधी भोवतालचे वातावरणच बदलते. काहीतरी घडते आहे असे सारखे वाटते, पण काय, ते सांगता येत नाही. त्याने दिलेल्या एका उदाहरणात कॉफीगृहातला वेटर रुग्णाच्या बाजूने झपकन निघून जातो, आणि तेवढ्यानेच रुग्णाला ते विपरीत वाटते. वेटर तोच असतो, त्याची चाल मात्र अर्थाने भारलेली असते. अशा अवस्थेत निश्चित समजूत सापडली की रुग्णाला उलट सुटल्यासारखे वाटू शकते, हे मला यास्पर्सचे सर्वांत मार्मिक निरीक्षण वाटते.

क्लाउस कोनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ मध्ये याच अवस्थेला ‘ट्रेमा’ हे नाव दिले. हा नटांच्या बोलीतला शब्द. रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वी पोटात येणारा गोळा. त्यानंतरच्या टप्प्यात प्रत्येक वस्तू आपल्यालाच उद्देशून काही सांगते आहे असे दिसू लागते. मात्र त्याचे १०७ रुग्ण १९४१-४२ मधील लष्करी रुग्णालयातले होते, म्हणजे युद्धाच्या ताणाखालचे सैनिक, हे विसरून त्याचे टप्पे सर्वांना लावू नयेत.

शंकासुर : यास्पर्सचा दुसरा दावा मला खटकतो. खरा संभ्रम रुग्णाच्या आयुष्यावरून समजून घेता येत नाही, असे तो म्हणतो. त्याच १९१३ च्या सप्टेंबरात एर्न्स्ट वाग्नर या शिक्षकाने पत्नीला व चार मुलांना ठार मारले आणि म्युलहाउझेन गावात जाऊन आगी लावल्या, गोळ्या झाडल्या. ट्युबिंगेनचे मनोविकारतज्ज्ञ रोबर्ट गाउप याने त्याला तपासले, पुढे अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा केला. त्या गावात शिक्षक असताना आपल्या हातून घडलेले लैंगिक दुष्कृत्य सर्वांना कळले आहे आणि लोक आपली टवाळी करतात, अशी वाग्नरची खात्री होती. संकोची, मानी स्वभाव, मनात सलणारी शरम आणि वर्षानुवर्षे कोंडलेला राग यांतून हा संभ्रम पायरीपायरीने वाढला, असे गाउपने मांडले. येथे वातावरण एकाएकी बदललेले नाही.

जिज्ञासू : म्हणजे दोघे वेगवेगळ्या रुग्णांविषयी बोलत होते, असे म्हणायचे का?

उंबरठा : बऱ्याच अंशी, होय. गाउपचा रुग्ण पॅरानोइयाचा होता, म्हणजे बाकी विचार शाबूत राहून एकच संभ्रम पक्का बसलेला, तर कोनराड छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) सुरुवातीविषयी लिहीत होता. पण पुढच्या काळात दोन्ही धागे जवळ आले. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडन माहेर याने मांडले की संभ्रम म्हणजे विचित्र अनुभवाचे सामान्य तर्काने लावलेले स्पष्टीकरण. हे जवळजवळ लॉकचेच म्हणणे, फक्त गृहीतकाच्या जागी अनुभव आला. २००३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी त्या अनुभवामागे डोपामीन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन असावे असे सुचवले : ते अवेळी स्रवले की क्षुल्लक गोष्टींना नको तितके महत्त्व चढते, आणि त्या महत्त्वाचे कारण शोधताना माणूस आपल्या आयुष्यातली व संस्कृतीतली सामग्री वापरतो. गाउपची शरम येथे बसू शकते, पण कारण म्हणून नव्हे, मजकूर म्हणून. डोपामीन रोखणारे औषध हे चढलेले महत्त्व उतरवते, समजूत पुसत नाही, असेही कपूर म्हणतात. म्हणूनच सुधारणा होत असलेले रुग्ण बरेचदा ‘ते खोटे होते’ असे न म्हणता ‘आता त्याचा तितका त्रास होत नाही’ असे सांगतात.